हळदीच्या दिवशी सभा

उंबरशेतात कुणाची हळद असली की त्या संध्याकाळी गावात एकच चूल पेटते, मांडवातली. बदलापूर स्टेशनला जाणारे शेअर रिक्षावाले दुपारनंतर गाडी दारात लावून टाकतात, अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला असलेली पोरं पाळी बदलून घेतात, आणि ज्यांचं एकमेकांशी वर्षभर बोलणं नाही तीही माणसं एका पंगतीला बसतात, मग तोंडं दोन दिशांना का असेनात. लग्नाला एखादा चुकला तर चालतं. हळदीला चुकला तर त्यानं त्या घराशी वैर धरलं असं समजतात, आणि ते वैर नातवंडांपर्यंत पुरतं.

ही रीत गावात सगळ्यांनाच ठाऊक होती. तिचा उपयोग कसा करायचा, हे मात्र फक्त सरपंच हरिचंद्रला उमगलं होतं.

शलाकाला ते पंचायतीच्या फलकापाशी कळलं. कामावरून येताना ती रिक्षातून उतरली आणि सवयीनं फलक वाचायला थांबली. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा शाळेच्या पटांगणात पुन्हा भरणार होती. विषय एकच होता: गुरचरणातून रस्ता देण्याबाबत. खाली तारीख होती. तीच तारीख तिच्या पिशवीतल्या, तिच्याच लग्नाच्या पत्रिकांवरही होती, हळदी समारंभ या शब्दांच्या शेजारी.

शलाका रसायनशास्त्र शिकलेली होती आणि अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. एखादा आकडा एकदा विचित्र आला तर ती तो पुन्हा काढून बघायची. पुन्हा तोच आला तर मात्र ती नमुना कुणी आणला ते विचारायची.

तिनं मनाशी मागचं आठवून पाहिलं. गेल्या वर्षी वरच्या माळावर प्लॉट पाडायला हरकत नाही, असा ठराव अशाच तहकूब सभेत झाला, तो ऋतिकाच्या हळदीच्या दिवशी. या वर्षी गुरचरणाचा विषय पहिल्यांदा आला तो अक्षयच्या हळदीच्या दिवशी. त्या दिवशी सभेला माणसं पुरेशी आली नाहीत म्हणून ती तहकूब झाली. पुरेशी येतील कशी? सगळा गाव अक्षयच्या मांडवात होता. शलाकाही होती, चांगली दमेपर्यंत नाचली होती. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पाचजण आले तरी त्या पाचांतल्या तिघांचा हात म्हणजे गावाचा हात.

गुरचरण म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेला सामायिक माळ. त्याच्या मधोमध एक तळं होतं. वैशाखातही त्यात गुडघाभर पाणी असायचं, आणि त्यातून निघालेला ओहोळ खालच्या सगळ्या भातखाचरांना पाणी पाजत नदीकडे जायचा. वरच्या माळावर प्लॉट पाडलेल्यांना मोठा रस्ता हवा होता आणि तो बरोब्बर तळ्यावरून आखला होता. तळं मुरुमानं बुजवायचं आणि ओहोळ पाइपात घालायचा. मग खालची खाचरं आपोआप कोरडी पडणार होती, आणि कोरडं खाचर विकायला फार समजवावं लागत नाही. त्या खाचरांत पहिलं शलाकाच्या वडिलांचं होतं.

लग्नानंतर ती अंबरनाथला जाणार होती, तिथल्याच मतदार यादीत तिचं नाव लागणार होतं. गावची म्हणून ती जिथं हात वर करू शकेल अशी ही शेवटची सभा होती.

"बाबा, हळदीची तारीख कुणी काढली?" घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं.

हिरामण ओट्यावर बसून काकड्यांच्या पाट्या बांधत होता. "कुणी म्हणजे? भटजीनं दोन दिल्या होत्या. हरी बोलला, त्यातली ही बरी. बोलला, डीजे माज्याकडनं, मटण माज्याकडनं. चुलता हाय तुजा. पुतणीसाठी एवढं कोण करतो?"

"अक्षयच्या हळदीचा डीजे कुणाकडून होता?"

हिरामणचा हात दोरीवर थांबला. मग तो पुन्हा गाठ मारू लागला. "तारीख आता फिरत नाय. सोयऱ्यांकडं पत्रिका गेल्यात. तू लग्नाची पोर हायस, तुला गुरचरणाचं काय पडलंय?"

"तुमचं खाचर आहे खाली."

"माजं हाय ना? मग मी बघीन."

"बघाल कसं? त्या वेळी तुम्ही मटण वाढत असाल."

हिरामणनं पाटी उचलली आणि मागच्या दारानं निघून गेला. तो चिडला की असाच पाठमोरा व्हायचा. घाबरला तरीही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शलाका बौद्धवाड्यात भिमाबाईकडे गेली. गेल्या दिवाळीत तिनं गुरचरणाच्या तळ्यात प्रयोगशाळेतला एक निरुपद्रवी हिरवा रंग चिमूटभर टाकला होता. खाली पाणी कुठंकुठं निघतं ते तिला बघायचं होतं. रंग बाबांच्या खाचरात उतरणार हा तिचा अंदाज खरा ठरला. पण दोन दिवसांनी भिमाबाईचा पुतण्या महेंद्र धावत आला होता, वाड्याची विहीर हिरवी झाली म्हणून. तळं आणि विहीर यांच्यामध्ये चांगला उंचवटा होता. पाणी त्याच्या पोटातून गेलं होतं.

"आज कुठला रंग आणलास?" भिमाबाई दारात तांदूळ निवडत होती. "मागच्या वेळी माझं पांढरं लुगडं पोपटी झालं."

"आज नुसतीच आलेय. मावशी, गुरचरणाची सभा परत लागलीय."

"ठाऊक आहे. जाणार आहोत आम्ही. दरवेळी जातो."

"दरवेळी?"

"ऋतिकाच्या हळदीला सभा होती तेव्हा गेलो. अक्षयच्या हळदीला होती तेव्हाही गेलो. आम्हाला मांडवाचं बोलावणं नसतं ना, वेळच वेळ असतो." सुपातला खडा तिनं अंगणात भिरकावला. "माळाच्या ठरावाला आम्ही नाही म्हणालो. पण आम्ही मूठभर. हरिचंद्र म्हणाला, बहुमतानं मंजूर. सगळा गाव पलीकडे नाचत होता, इथपर्यंत ऐकू येत होतं."

पत्रिका शलाकाच्या पिशवीत होत्या. तिनं एक काढून पुढं केली.

भिमाबाईनं हात पुसले, पण पत्रिका घेतली नाही. "हळदीला बोलावतेस का मताला?"

"आले होते मतासाठी," शलाका म्हणाली. "हळदीचं आत्ता सुचलं."

"खोटं बोलली असतीस तर परत पाठवली असती." भिमाबाईनं पत्रिका घेतली आणि सुपाखाली ठेवली. "पण आम्ही सभेला येऊन काय होणार? तुझे लोक मांडवात बसणार."

"तेच बघतेय कसं उठवायचं."

"त्यांना मी नाही उठवू शकत. तू तरी नवरी, पाटावरून हलता येत नाही तुला. मग कोण?"

घरी येईपर्यंत शलाका तोच प्रश्न मनात घोळवत चालत होती. हळदीच्या दिवशी गाव कुणाचं ऐकतो? नवरीच्या बापाचं नाही, भटजीचं तर नाहीच. मांडवात शब्द चालतो तो एकाच बाईचा. धवलारणीचा. देवांना, पितरांना आणि गावच्या शिवेला नावं घेऊन लग्नाचं आवतण देणारी धवल्याची गाणी तिनं म्हटल्याशिवाय नवरीच्या हळदीच्या वाटीला बोट लागत नाही. आणि हळद लागल्याशिवाय पंगत बसत नाही.

उंबरशेतची धवलारीण होती बनूबाई, हिरामणची थोरली बहीण. शलाकाची आत्या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. पान लावता लावता तिनं एकच विचारलं. "तळं बुजलं का त्यातली आसरा जाते कुठं?" आसरा म्हणजे पाण्यातली देवता. दर धवल्यात तिचं नाव पहिलं यायचं.

"आसरेचं मला माहीत नाही आत्या. पाणी जात नाही एवढं माहीत आहे. ते दुसरीकडून वाट काढतं किंवा वरच तुंबतं. आपल्याला मिळत नाही एवढंच."

"म्हणजे तेच." आत्यानं पान तोंडात टाकलं. "जा तू. मेंदी काढ."

हळदीचा दिवस उजाडला. बायकांनी सकाळपासून हळद कुटली. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले आणि हाताला सापडेल त्याचे गाल रंगू लागले. उन्हं कलली तसा मांडव भरला. मागच्या अंगाला मटणाची टोपं रटरटत होती. हरिचंद्रनं पाठवलेला डीजे असा वाजत होता की पाटावर बसलेल्या शलाकाच्या कानातली कुडी थरथरत होती. हरिचंद्र स्वतः येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. "एक छोटं काम हाय शाळेत, आटपून येतो," असं हिरामणला सांगून निघाला.

सभेची वेळ झाली. बायकांनी हळदीची वाटी आत्यापुढं आणून ठेवली. डीजे बंद झाला. आता धवला सुरू व्हायचा.

बनूबाईनं तोंड उघडलं नाही.

बायका थांबल्या. कुणीतरी म्हणालं, पान असंल तोंडात. पान नव्हतं. पुरुष मागून माना उंचावू लागले. आचारी विचारायला आला, पंगत कधी.

"काय गो बनू, गळा बसला का?" शेजारची म्हातारी म्हणाली.

"गळा बरा हाय," बनूबाई म्हणाली. तिचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत सहज जायचा, त्याला माइक लागत नसे. "पण हाक कुणाला मारू? पहिलं आवतण तळ्याच्या आसरेला. तिचं तळं आता शाळेत विकाला काढलंय. दुसरं शिवेला. शिवेवर मुरुमाच्या गाड्या लागल्यात. घर विकल्यावर त्या घराला लग्नाचं आवतण देतात का? द्याचं असंल तर मला सांगा कसं देतात. मी शिकलेली नाय."

मागं एक टोप तेवढं खदखदत होतं.

"ताई, आज नको," हिरामण पुढं येऊन हलक्या आवाजात म्हणाला. "सोयरे येतील. उष्टी हळद घेऊन निघालेत अंबरनाथवरनं."

"येऊ देत. शाळा लपून बसलेली नाय, दिसंल त्यांना." बनूबाईनं हळदीची वाटी उचलली, ताट उचललं आणि उभी राहिली. "मी शाळेत गाणार. ज्याला हळद लावाची हाय त्यानं तिथं याचं. ज्याला नुसतं जेवाचं हाय त्यानं बसावं इथं, पण हळदीआधी जेवला तर गाव काय बोलंल ते त्याचं त्यानं बघावं."

ती निघाली. आणि हळद जिथं जाते तिथं नवरीला जावंच लागतं. शलाका पाटावरून उठली. मांडवाच्या दारात हिरामण आडवा उभा होता.

"हळदीची पोर घराबाहेर जात नाय," तो म्हणाला.

"हळद लागलीय कुठं अजून?" शलाका म्हणाली.

हिरामणनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागं पाट उचलून उभ्या असलेल्या बायकांकडं पाहिलं. तो बाजूला झाला नाही, पण खांदा वळवला. तेवढ्या फटीतून आधी नवरी गेली, मग पाट गेला आणि मग सगळा मांडव गेला.

शाळेच्या पटांगणात चार खुर्च्या आणि एक टेबल मांडलं होतं. हरिचंद्र, ग्रामसेवक आणि दोन सदस्य बसले होते. समोर जमिनीवर भिमाबाई आणि वाड्यातली माणसं होती. महेंद्र उल्हासनगरात कॅम्प तीनच्या एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग करायचा. तोही सुट्टी टाकून आला होता. ग्रामसेवक ठरावाचा मसुदा वाचायला उठला होता, तेवढ्यात फाटकातून पिवळ्या हातांची माणसं आत येऊ लागली आणि येतच राहिली.

हरिचंद्र खुर्चीतून अर्धा उठला. "अरे, हे काय? ही सभा हाय, मांडव नाय."

"मांडव तिकडं रिकामा हाय," बनूबाई म्हणाली. "तुजा डीजेवाला बसलाय राखण करत."

पाट टेबलासमोर मांडला गेला. शलाका बसली. भिमाबाई तिच्या शेजारी सरकली आणि कानाशी म्हणाली, "दरवेळी येते या पटांगणात. आज पहिल्यांदा बसायला जागा नाही. बरं वाटतंय."

"गोंधळ झाला तर सभा चालवता येत नाय," हरिचंद्र ग्रामसेवकाकडं वळला. "लिहा, तहकूब."

"तहकूब सभा परत तहकूब?" भिमाबाई उठून उभी राहिली. "मागच्या वर्षी आम्ही बोटावर मोजण्याइतके होतो तेव्हा नाही केली तहकूब. तेव्हा म्हणालात, कायद्यानं चालतं. आज माणसं आली तर कायदा कुठं गेला?"

ग्रामसेवक तरुण होता आणि नवीन होता. त्यानं सरपंचाकडं बघितलं, मग गर्दीकडं. "गोंधळ काही दिसत नाही, साहेब," तो म्हणाला. "सगळे बसलेत."

खरंच सगळे बसले होते. पुढं बायका, मागं पुरुष, हाती हळद आणि पोटात भूक. विषय वाचला गेला. हरिचंद्रनं मग सूर बदलला. रस्ता आला की जमिनीला भाव येईल, पोरांना गावातच काम मिळेल, बदलापूर बघा कुठल्या कुठं गेलं, आपण काय चिखलच तुडवायचा का. तो चांगलं बोलायचा. मागच्या रांगेतल्या काहींच्या माना हलल्या. शलाकानं त्या पाहिल्या. त्या खोट्या नव्हत्या हेही तिला माहीत होतं, कारण भाताच्या एका हंगामात काय सुटतं हे तिनं घरात पाहिलं होतं.

ती बसल्या जागेवरूनच बोलली. "रस्त्याला कुणाची ना नाही. तो शाळेमागून न्या, जमीन खडकाची आहे, कुणाचं पाणी जात नाही. तळ्यावरून का? दिवाळीत मी तळ्यात रंग टाकला होता. तो आमच्या खाचरात निघाला आणि मावशींच्या विहिरीतही. वरून दिसायला दोन पाणी आहेत, खाली एकच आहे. ते एकदा बंद केलं की परत उघडता येत नाही. आणि ज्याला जमीन विकायची असेल त्यानं ती ओली असताना विकावी, आपल्या मनानं. कोरडी करून विकायला लावू नये."

"पोरी," हरिचंद्र हसला, "परवा तू या गावची नाहीस. यादीतलं नावसुद्धा जाईल. जाणाऱ्यानं राहणाऱ्यांच्या वाटेत येऊ नये."

शलाका म्हणाली, "परवाचं परवा, काका. आज यादीत आहे ना? मग आजचं मोजा."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. अंबरनाथची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. पुढं शलाकाची होणारी सासू, वृंदाताई. रिकामा मांडव बघून कुणीतरी दाखवलेल्या वाटेनं त्या इथवर आल्या होत्या.

"नवरी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"सभेत," बनूबाई म्हणाली.

हिरामणनं डोळे मिटून घेतले.

वृंदाताईंनी टेबल बघितलं, पाट बघितला, जवळ बसलेल्या बाईला विचारून विषय समजून घेतला. हळदीचं ताट त्यांनी पदराखाली नीट धरलं. "आमचं खाचर होतं तिथं आता गोदाम उभं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यातलं कुणी उठलं नव्हतं. होऊ द्या सभा. हळद काही नासत नाही." आणि त्या फाटकापाशीच जमिनीवर बसल्या.

ग्रामसेवकानं विचारलं, गुरचरणातून रस्ता द्यायच्या बाजूनं कोण? दोन सदस्यांचे हात वर गेले. मागून आणखी काही गेले, त्यातले एकदोन परत खाली आले. विरोधात कोण?

आधी भिमाबाईचा हात वर गेला आणि लगोलग सगळा वाडा. मग पुढच्या रांगांतून पिवळे तळवे उठू लागले, हळद वाळलेले, हळद ओघळणारे, बांगड्यांचे, राकट. ग्रामसेवक मोजत मागं मागं गेला. शेवटच्या रांगेपाशी हिरामण उभा होता. त्याचा हात पिवळा नव्हता. हरिचंद्र त्याच्याकडंच बघत होता.

"तारीख तू काढलीस, हरी," हिरामण म्हणाला. "मी तुला चांगल्या मनानं विचारलं होतं." आणि त्यानं हात वर केला.

ठराव फेटाळला गेला. पण बनूबाई अजून वाटीला हात लावू देईना. "दुसरं लिहा," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "गावात हळद असंल त्या दिवशी सभा नाय. वाड्यात कार्य असंल तरी नाय. आणि गुरचरणाचा विषय असंल तर आधी घरोघर सांगाचं, नुसता कागद चिकटवाचा नाय."

तेही लिहिलं गेलं. सह्या करायला वही फिरली आणि पानापानावर पिवळी बोटं उमटली.

मग तिथंच, शाळेच्या पटांगणात, धवला सुरू झाला. आसरेला आवतण गेलं, शिवेला गेलं, ओहोळाला गेलं. पुढं बनूबाईनं एक नवीन नाव घेतलं, वाड्याच्या विहिरीचं, आणि चाल न मोडता ते बसवलंही. पहिली हळद कुणी लावायची यावर बायका एकमेकींकडं बघू लागल्या, तेव्हा शलाकानं गाल भिमाबाईकडं केला.

"पत्रिका आहे माझ्याकडं," भिमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि वाटीत बोटं बुडवली.

हरिचंद्र फाइल काखेत मारून फाटकाकडं सरकत होता. पण चुलत्याला हळद लावल्याशिवाय सोडायची रीत नाही, आणि हळदीला नाही म्हणायचीही रीत नाही. बायकांनी त्याला गाठलं. कपाळ, गाल, मान, कान, काही सुटलं नाही. तो उभा राहिला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. फेटाळलेल्या ठरावाची प्रत घेऊन दुसऱ्या सकाळी तहसील कचेरीत त्यालाच जायचं होतं, आणि मुरुमाच्या गाड्या शिवेवरून परत पाठवायलाही त्यालाच उभं राहावं लागणार होतं. प्लॉटवाले पुन्हा येणार होते, दुसरा विषय घेऊन, दुसऱ्या वाटेनं. गाव ते ओळखून होता.

शलाका पाटावरून त्याच्याकडं बघून म्हणाली, "काका, घरी गेल्यावर साबणानं घासू नका."

"का?" हरिचंद्रनं न राहवून विचारलं.

"साबण लागला की हळद लाल होते. आणखी दिसेल."

मागं कुणीतरी हसलं. बनूबाईनं पुढची ओळ उचलली आणि पिवळ्या हातांनी ताल धरून आख्खा गाव तिच्यामागं गाऊ लागला.